'परुवु' म्हणजे अब्रू, पण कुणाची?

प्रश्न : तेलुगू चित्रपटांत बड्या घरच्या बापाच्या तोंडी 'परुवु' हा शब्द सारखा येतो. डबिंगमध्ये त्याचं कधी इज्जत होतं, कधी मर्यादा, कधी स्वाभिमान. मराठीत नेमकं काय म्हणावं?

उत्तर : अब्रू. याहून जवळचा शब्द आपल्याकडे नाही. 'परुवु पोयिंदि' म्हणजे अब्रू गेली. आपण ज्याला अब्रुनुकसानीचा दावा म्हणतो, तो तेलुगू वर्तमानपत्रांत 'परुवु नष्टं दावा' असतो.

'मर्यादा' मात्र टाळा. तेलुगूत तिचा मुख्य अर्थ मान, आदरसत्कार. 'अतिथि मर्यादलु' म्हणजे पाहुणचार. आपल्या 'मानमर्यादा'त तो अर्थ अजून आहे, पण नुसतं मर्यादा म्हटलं की मराठी माणसाला सीमाच आठवते.

स्वाभिमान तर साफ चूक. त्यासाठी तेलुगूत 'आत्मगौरवं' आहे. 1982 साली तेलुगू पडद्यावरचे बडे नट एन. टी. रामाराव राजकारणात उतरले ते तेलुगू माणसाच्या 'आत्मगौरवा'ची हाक देत. त्या हाकेत 'परुवु' चालला नसता. आत्मगौरव अख्ख्या समाजाला असू शकतो. परुवु पडद्यावर तरी एका घराचा असतो, आणि ते घर बहुतेक वेळा जमीनजुमलावाल्यांचं असतं.

घराचं हे महत्त्व नावातही दिसतं. तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरु' म्हणतात, म्हणजे घराचं नाव, आणि ते माणसाच्या नावाआधी लागतं : नंदमूरि तारक रामाराव, म्हणजे वरचेच एन. टी. रामाराव. रायलसीमेतल्या (आंध्रच्या दक्षिण भागातल्या) घराण्यांच्या वैरावरचे 'समरसिंहा रेड्डी' (1999) आणि 'नरसिंह नायुडु' (2001) हे चित्रपट पाहा. शीर्षकातच जात आणि पाटिलकीचा रुबाब आहे, आणि दोन्हींचा नायक रामारावांचा मुलगा बालकृष्ण. कथेतलं घराणं आणि नटाचं घराणं प्रेक्षकाच्या मनात एक होऊन जातं. नायक मांडी थोपटतो (आपल्या भाषेत शड्डू ठोकतो), तेव्हा टाळ्या दोन्ही घराण्यांना पडतात. या धाटणीच्या चित्रपटांत गडीमाणसं धन्याच्या परुवुसाठी जीव देतात. त्यांच्या स्वतःच्या परुवुची गोष्ट कुणी सांगत नाही. मला हे फार खुपतं, कारण 1939 सालीच 'रैतुबिड्डा'सारखा जमीनदारीविरुद्धचा चित्रपट याच भाषेत निघाला होता. त्या नावातला 'रैतु' म्हणजे आपली रयत.

अलीकडे हा शब्द नायकाकडून खलनायकाकडे सरकू लागला आहे. 'उप्पेना'त (2021) परुवुने पछाडलेला बाप हाच खलनायक आहे. त्याआधी 2018 मध्ये नलगोंडा जिल्ह्यातल्या मिर्यालगुड्यात आंतरजातीय लग्न केलेल्या दलित तरुणाचा दिवसाढवळ्या, गरोदर बायकोच्या डोळ्यांदेखत खून झाला होता. अशा खुनाला तेलुगू पत्रकार 'परुवु हत्य' म्हणतात.

तेव्हा भाषांतर करताना बोलणारा कोण ते बघा. जमीनदार बोलत असेल तर 'घराण्याची अब्रू' लिहा, म्हणजे तो कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. मजूर किंवा कोळी बोलत असेल तर नुसतं 'अब्रू' पुरे. 'परुवु हत्य'ला मी 'अब्रूपायी खून' म्हणेन. आपल्या वर्तमानपत्रांतल्या 'ऑनर किलिंग'पेक्षा ते मला जास्त खरं वाटतं.