‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे नेमके कुठून?

प्रश्न : ‘स्टार्ट फ्रॉम स्क्रॅच’ या इंग्रजी वाक्प्रचारातील ‘स्क्रॅच’चा ओरखड्याशी काही संबंध आहे काय? ‘श्रीगणेशा करणे’ हा त्याचा मराठी पर्याय मानता येईल काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : संबंध थेट आहे, मात्र हा ओरखडा जमिनीवरचा आहे. धावण्याच्या शर्यतीसाठी जमिनीवर जी आरंभरेषा ओढली जाई, तिला इंग्रजीत ‘स्क्रॅच’ म्हणत. ज्या शर्यतींत कमी वेगाच्या स्पर्धकांना काही अंतराची सवलत देऊन पुढे उभे केले जाई, त्यांत सर्वांत वेगवान धावपटूला मात्र कोणतीही सवलत न घेता मूळ रेषेवरूनच धावावे लागे, आणि त्यामुळे ‘हाताशी काहीही नसताना केलेली सुरुवात’ हा अर्थ या शब्दाला चिकटला. ही प्रथा अद्याप जिवंत आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात स्टॉवेल येथे १८७८ पासून ईस्टरच्या सुमारास भरणारी ‘स्टॉवेल गिफ्ट’ ही शर्यत आजही अशाच सवलतींवर चालते. १९७५ साली मादागास्करच्या जाँ-लुई राव्हेलोमानांत्सोआ याने ती मूळ रेषेवरून धावून जिंकली, तेव्हा असा पराक्रम करणारा तो पहिलाच धावपटू ठरला. गोल्फमध्येही ज्याला सवलतीचे फटके मिळत नाहीत, तो खेळाडू ‘स्क्रॅच’ म्हणवतो. (‘अप टू स्क्रॅच’ची रेघ मुष्टियुद्धाच्या रिंगणातली, तिचा अर्थ ‘अपेक्षित दर्जाला उतरणे’ असा असल्याने दोन्हींची गल्लत करू नये.)

आता मराठी पर्यायाविषयी. ‘श्रीगणेशा’ किंवा ‘ओनामा’ या शब्दांत केवळ आरंभ आहे, तोही बहुधा मंगल; आधीचे काही मोडून टाकल्याची छटा त्यांत नाही. संगणकातील सारी माहिती नष्ट झाल्यामुळे प्रबंध पुन्हा लिहावा लागला, तर ‘प्रबंधाचा श्रीगणेशा केला’ हे वाक्य विनोदी वाटेल. तेथे ‘पहिल्यापासून’ किंवा ‘मुळापासून’ हेच योग्य. भांडवल नसताना उद्योग उभारणाऱ्याविषयी ‘शून्यातून’ म्हणावे. ‘केक फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे तयार मिश्रणाचे पाकीट न वापरता मैदा, साखर, अंडी घेऊन घरी केलेला केक. तेथे माझ्या मते वाक्प्रचाराच्या मागे न लागता सरळ ‘सगळे घरीच केले’ असे म्हणावे.

इंग्रजी लिहिताना आपल्याकडे हमखास होणारी एक चूक म्हणजे ‘फ्रॉम द स्क्रॅच’. या वाक्प्रचारात ‘द’ येत नाही.