बळकट पेटी आणि हिवाळा: मधपालांचे प्रश्न

उन्हाळा उतरणीला लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो: पेटी मधमाश्यांनी गच्च भरली आहे, आता हिवाळ्याचं काय? खालची उत्तरं कडक थंडीतल्या युरोपीय मधमाशीपुरती आहेत.

राणीरोधक जाळी (राणीला वरच्या मधाच्या खणात जाऊ न देणारी) राहू द्यावी का?

काढा. थंडीत ऊब धरायला एकवटलेल्या माश्यांचा गोळा मधामागे वर सरकतो आणि राणी जाळीखाली गारठून मरते.

दहाही चौकटी माशांनी भरल्या आहेत. इतकी बळकट पेटी असताना व्हरोआ कोळ्याचं (मधमाशीवर जगणाऱ्या बारीक परजीवीचं) औषध थंडी पडल्यावर दिलं तर चालेल ना?

नाही चालणार. ‘बळकट पेटीला काही होत नाही’ असं सांगणारे पुढे रिकाम्या पेटीचा फोटो पाठवतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. व्हरोआ बंद कोशात, म्हणजे पिल्लू वाढत असलेल्या मेणाने झाकलेल्या घरात, वाढतो. पेटी जितकी बळकट तितके कोश जास्त, आणि तितकेच कोळीही. उन्हाळा सरला की राणी अंडी घालणं कमी करते. पिल्लं घटतात, कोळी घटत नाहीत. ते उरलेल्या मोजक्या कोशांवर तुटून पडतात आणि नेमक्या त्याच कोशांत हिवाळी माश्या घडत असतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. हिवाळीला काही महिने काढायचे असतात, ते अंगातल्या चरबीच्या जोरावर. कोळी तीच चरबी खातो, वर पंख आखडवणारा विषाणूही पसरवतो. उशिरा दिलेलं औषध कोळी मारेल, पण अशक्त जन्मलेली माशी त्याने धडधाकट होणार नाही.

तेव्हा आजच मोजा. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे सुमारे 300 माश्या घ्या. त्यात राणी नाही ना, हे दोनदा पाहा. अल्कोहोलमध्ये मिनिटभर हलवून जाळीतून गाळा आणि तळाचे तांबूस, चपटे ठिपके, म्हणजे कोळी, मोजा. 9 निघाले तर 3 टक्के झाले. तिथवर जाऊच देऊ नका. औषधांपैकी ऑक्झॅलिक आम्ल बंद कोशात पोचत नाही. फॉर्मिक पोचतं, पण उकाड्यात राणीला बाधतं. म्हणून शेजाऱ्याने काय वापरलं ते विचारत बसू नका. आकडा घेऊन तज्ज्ञाकडे जा.

आणि मागच्या वर्षी ‘थंडीने उडून गेलेल्या’ माश्यांची चौकट अजून असेल, तर ती उजेडात उलटी धरून बघा. कोशांच्या छताला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर ती कोळ्याची विष्ठा.

माश्यांना द्यायच्या साखरेच्या पाकात ‘हिवाळी टॉनिक’ घालू का? पांढऱ्याऐवजी तपकिरी साखर चालेल?

दोन्ही नको. टॉनिकच्या बाटलीवर ‘शक्तिवर्धक’ लिहिलेलं असतं. त्याने कोळी किती कमी होतात, हे मात्र लिहिलेलं नसतं. तपकिरी साखरेतला न पचणारा भाग थंडीत माशांना हगवण लावतो. साधी पांढरी साखर 2 भाग, पाणी 1 भाग, वजनाने. तेही लवकर, पारा 10 अंशांखाली गेला की माश्या पाक उचलत नाहीत. अनोळखी पेटीतला मध तर मुळीच देऊ नका. त्यातून फाउलब्रूड (पिल्लं सडवणारा जिवाणूजन्य रोग) येतो आणि त्याचे बीजाणू अनेक दशकं टिकतात. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या.

पेटी जाड कापडात घट्ट गुंडाळू?

घट्ट नको. कोरडी थंडी माश्या सोसतात, ओल नाही सोसवत. त्यांच्या श्वासाची वाफ थंड झाकणाला लागते आणि बर्फासारखं पाणी गोळ्यावर ठिबकतं. झाकणाखाली उष्णतारोधक थर द्या, वर बारीक फट ठेवा, पेटी पुढे किंचित कलती करा. दार लहान करा आणि त्याला उंदीरजाळी लावा.

मध किती ठेवावा?

तुमच्याकडची थंडी किती लांबते त्यावर आहे. जवळच्या जुन्या मधपालाला विचारा. मोठी चौकट दोन्ही बाजूंनी भरली की अडीच ते तीन किलो धरा.

गोळा झाल्यावर मध्येच उघडून पाहू का?

नको. पेटीला कान लावा. गुणगुण ऐकू आली की घरात जा.