प्लॉट तारण ठेवून परदेशी एमएससी? यंदा नको

प्रश्न : मी बीएएमएस, वय 27. तासगाव तालुक्यात तीन वर्षं कंत्राटी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. महिन्याला 35 ते 40 हजार मिळतात. ब्रिटनमध्ये आंतरराष्ट्रीय सार्वजनिक आरोग्याच्या एक वर्षाच्या एमएससीला प्रवेश मिळालाय. खर्च 42 लाख. वडील 12 लाखांची एफडी मोडायला आणि सांगलीतला प्लॉट तारण ठेवून 30 लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. जाऊ का?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की ऊसतोड टोळीतल्या बायकांचं हिमोग्लोबिन तपासता, गोळ्या देता, आणि टोळी दुसऱ्या गावाला गेली की पुढचं काही कळत नाही. ते कळावं म्हणून शिकायचंय. हे शिक्षण तुम्ही घ्याच. फक्त या पैशातून नको.

30 लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं : हप्ता साधारण 40,500. म्हणजे तुमचा सगळा पगार. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज थांबत नाही. सगळी रक्कम उचलल्यावर ते महिन्याला 26 हजारांच्या घरात जातं. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि तुमच्या पगारावर तसाही कर बसत नाही. राहिली बाग. तिचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता दर महिन्याला. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की घड कसे गळतात, हे वडिलांना विचारा.

तिकडे नोकरी लागली तर फिटेल, असं तुमच्या मनात असणार. शिक्षणानंतरचा तिथला दोन वर्षांचा व्हिसा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच आहे. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं, जुलैत परदेशांना मदत देणारी त्यांची संस्था यूएसएआयडी बंद झाली. या क्षेत्रातल्या कितीतरी अनुभवी माणसांच्या नोकऱ्या गेल्या. आज नव्या पदवीधराला त्यांच्याच रांगेत उभं राहायचंय.

मी तुमच्या जागी असतो तर विद्यापीठाला आजच मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचारलं असतं. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. फी, राहणं, विमान सगळं त्यात येतं. नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. तुम्हाला तर परतायचंच आहे. राष्ट्रकुल देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीची कॉमनवेल्थ शेअर्ड शिष्यवृत्तीही बघा. अर्जात ती ऊसतोड टोळी जशी मला लिहिलीत तशीच लिहा, कुणाकडून सजवून घेऊ नका.

दोन्ही हुकलं तर त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र किंवा मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था इथला एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी. दोन वर्षं जातील, पण खर्च 42 लाखांच्या जवळपासही जात नाही, आणि इथल्या नोकरीला ही नावं चांगली चालतात.

प्लॉटचे कागद बँकेत देऊ नका. एफडीची मुदत कधी संपते तेवढं कळवा; तोवर वडिलांना ती मोडू देऊ नका.