एआय वापरलं हे सांगू की लपवू?

प्रोजेक्टचं सबमिशन जवळ आलं की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. विचारणारे बदलतात, भीती तीच: सांगितलं तर गुण कापतील, लपवलं आणि पकडले गेलो तर चोर ठरू. अशाच एका विद्यार्थिनीबद्दल इथे लिहिते आहे, तिची ओळख पटेल असं काही न देता.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं शेवटचं वर्ष. आली होती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळलं, रोज रात्री ती आपला प्रोजेक्ट निरनिराळ्या एआय डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयनं लिहिलाय का याचा अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकून टक्केवारी बघत बसायची. एक सांगायचा बहुतेक सगळं एआयचं, दुसरा सांगायचा माणसाचं. आकडा खाली यावा म्हणून ती स्वतः लिहिलेली चांगली वाक्यंसुद्धा मोडायला लागली होती. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

म्हणून आधी त्या आकड्याबद्दल बोललो. ओपनएआय कंपनीनं स्वतःचा डिटेक्टर जानेवारी 2023 मध्ये आणला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. कंपनीच्याच चाचणीत त्याला एआयचा जेमतेम 26 टक्के मजकूर ओळखता आला होता, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकुरावर त्यानं एआयचा शिक्का मारला होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध 7 डिटेक्टरना दिले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ते निबंध, पण सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. माझी विद्यार्थिनीही इंग्रजीतच लिहीत होती. "म्हणजे मी खरं लिहिलं तरी अडकू शकते?" तिनं विचारलं. हो, शकतेस. म्हणून आपलं लिखाण आपलंच आहे हे दाखवणारे पुरावे जपायचे: टिपणं, कच्चे मसुदे, फाइलच्या जुन्या आवृत्त्या, एआयशी झालेला चॅट.

पुढच्या भेटीला तिला प्रिंटआउट आणि तीन रंगांची पेनं आणायला सांगितली. स्वतःची वाक्यं एका रंगात, एआयकडून फक्त भाषा सुधारलेली ती दुसऱ्या, मजकूरच एआयचा असेल तो तिसऱ्या. तिसरा रंग जेमतेम दीड पानावर आला. त्या दीड पानात चार संदर्भ होते.

"हे पेपर वाचलेस?"

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, उघडूनसुद्धा बघितले नाहीत." झोप न लागण्याचं खरं कारण डिटेक्टर नव्हता, ते हे होतं.

तिनं ग्रंथालयात बसून चारही शोधले. एक पेपर कुठेच नव्हता. दुसऱ्याचा लेखक खरा, जर्नल खरं, पण त्या अंकात तो लेख नाही. तिसरा सापडला, पण त्यातला निष्कर्ष प्रोजेक्टमधल्या वाक्याशी जुळत नव्हता. चौथा ठीक होता. असं होतं कारण भाषेचं मॉडेल पुढे कोणते शब्द शोभतील ते जुळवत जातं, आणि लेखक, वर्ष, जर्नल असा साचा जुळवणं त्याला सोपं असतं. आता काही एआय इंटरनेटवर शोधून लिंकही देतात. तरी लिंक उघडून ते वाक्य खरंच तिथे आहे का, हे वाचावंच लागतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं एआयनं रचलेले, अस्तित्वात नसलेले खटले सादर केल्याबद्दल वकिलांना 5,000 डॉलर दंड केला होता. ते वकील होते, ही तर विद्यार्थिनी.

इथे मुलांचा एक गोंधळ नेहमी होतो. एआयचा उल्लेख केला की आपली जबाबदारी संपली, असं त्यांना वाटतं. एआयची मदत कुठे घेतली हे त्या उल्लेखानं कळतं, विधान खरं आहे हे कळत नाही. त्यासाठी मूळ पेपरच वाचायचा आणि त्याचाच संदर्भ द्यायचा. उल्लेखाची पद्धतही एकच नाही: संदर्भ लिहिण्याच्या एपीए या शैलीत एआय बनवणारी कंपनी लेखकाच्या जागी येते, एमएलए ही दुसरी शैली एआयला लेखक मानत नाही आणि तुम्ही काय विचारलंत ते लिहायला सांगते. म्हणून आपल्या विभागाचा नियम आधी विचारावा. नियमात एआयला मनाईच असेल, तर शेवटी कबुली जोडून ते चालणार नाही. तो भाग काढून स्वतः लिहावा लागतो.

तिनं दीड पान काढलं. वाचलेल्या पेपरांवरून नव्यानं लिहिलं, ते पाऊण पानच भरलं. शेवटी एक निवेदन जोडलं: "दुसऱ्या व तिसऱ्या प्रकरणात भाषा सुधारण्यासाठी एआयची मदत घेतली. संदर्भ मी स्वतः वाचून तपासले आहेत. चॅट परिशिष्टात दिला आहे." गाइडना हे कसं सांगायचं, याची आम्ही दोनदा तालीम केली, कारण तिचा आवाज कापत होता. गाइडनी चॅट पाहिला, नव्या भागावर प्रश्न विचारले आणि प्रोजेक्ट स्वीकारला. झोप लगेच आली नाही, हळूहळू सुधारली. डिटेक्टर उघडणं मात्र तिनं त्याच दिवशी थांबवलं.

सगळे गाइड असेच वागतील अशी हमी मी देत नाही. ज्यांचं सबमिशन होऊन गेलंय आणि एखादा संदर्भ न वाचताच दिल्याचं मनात खुपतंय, त्यांनी आजच तो शोधायला बसावं. चुकीचा निघाला तर दुरुस्त केलेलं पान हातात घेऊन, कुणी बोलवायची वाट न बघता गाइडना भेटावं. एकट्यानं जायची भीती वाटत असेल, तर आधी आपल्या समुपदेशकाकडे या.