सहल आणि ‘पैला मैना’

एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या शाळेच्या पालकगटावर ‘सहल म्हणजे सह चलणे, शब्द संस्कृत आहे’ असा संदेश फिरतोय, तो खरा का? आणि नागपूरच्या अंबाझरी तलावावर डबे घेऊन गेलं तर ती सहल की पिकनिक?

खरा नाही. ‘सह’ दिसला की संस्कृत, ही खोड आता आवरा. मग एकट्यानं मारलेली चक्कर काय म्हणायची? आणि तो ‘ल’ कुठून आला, हे त्या संदेशात कोणी सांगत नाही.

अर्थाबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगतो की सहल ही छोटीच असते. सकाळी रामटेक, दुपारी खिंडसी, दिवेलागणीला घरी. धरमपेठेत ‘१२ दिवसांची युरोप सहल’ असा फलक रोज दिसतो आणि रोज माझं डोकं फिरतं. विमान, व्हिसा, चार देश, आणि म्हणे सहल!

आता मजेची गोष्ट. मूळ शब्द अरबी ‘सैर’, म्हणजे चालणं, फिरणं. तो फारसीतून आपल्याकडे आला. याच धातूचा ‘सय्यारा’ म्हणजे भटकता तारा, ग्रह; आजच्या अरबीत त्याच शब्दाचा अर्थ मोटार. सैरचा सैल झाला, जसा दीवारचा आपल्या तोंडी दिवाल. हिंदीतला सैलानी याच सैलचा. (आपला ढिला या अर्थाचा ‘सैल’ वेगळा, तो शिथिलवरून आला.)

पण सैलमध्ये ‘ह’ कुठून शिरला? माझी आजी ‘पैला’, ‘मैना’, ‘शैर’, ‘बैन’ म्हणायची. ‘पैलेच सांगतलं होतं ना तुले!’ हे मी लहानपणी रोज ऐकलं. शाळेत मास्तरांनी पैलाचा पहिला केला, मैनाचा महिना, शैरचा शहर. माझं म्हणणं असं की अशाच कुण्या शुद्धलेखनवाल्यानं कधीतरी ‘सैल’ ऐकला, हेही गावंढळच असणार असं समजून तोही सुधारला आणि ‘सहल’ लिहून टाकलं. म्हणजे आपण जो नेटका मराठी शब्द म्हणून मिरवतो तो फाजील शुद्धतेचं पोर आहे! मला हे इतकं आवडतं की कोणी खोडून काढलं तर दोन दिवस जेवण जाणार नाही.

खोडणारे आहेतच. आमच्या ओळखीतले मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक सहलचं नातं अरबी ‘सहल’, म्हणजे सोपं, याच्याशी लावतात. सहल सोपी असते, म्हणून सहल! अक्षरं जुळली की झाली सोयरीक. त्या सोप्या सहलच्याच घरातला युनानी वैद्यकाचा ‘मुसहिल’ म्हणजे जुलाबाचं औषध. सरांनी पोरगी देण्याआधी पाहुण्यांच्या घरची थोडी चौकशी करायला हवी होती. आणि ‘सहलीला जाऊ’ म्हणताना कोणाच्या मनात सोपेपणा असतो? चाळीस पोरं बसमध्ये मोजून बसवून दाखवा, मग बोलू.

हो, पिकनिकचं राहिलंच. अंबाझरीला डबे नेले तर नागपुरात ती डबा पार्टी. गोवऱ्यांवर रोडगे भाजून वांग्याची भाजी केली तर रोडगे पार्टी. सहल म्हणून बोलावलंत तर मी चालायचे बूट घालून येईन, आणि रोडग्यांचं बोलावणं असेल तर उपाशी.