एकाच पायवर तीन जागी तीन आवाज

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे. त्याला एकसारखी तीन यूएसबी साउंड कार्डं लावून मंदिरात हरिपाठ, अंगणवाडीत बालगीतं आणि चौकातल्या भोंग्यावर नळाच्या वेळेची सूचना वाजवतो. लाइन जाऊन आली की अदलाबदल होते, हरिपाठ अंगणवाडीत वाजतो. वेळाही चुकतात. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : कार्डं खराब नाहीत. पाय सुरू होताना जे कार्ड आधी सापडेल त्याला आधीचा क्रमांक मिळतो, आणि हा क्रम दरवेळी तोच राहील याची खात्री नसते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये ‘कार्ड १, कार्ड २’ असं लिहिलेलं असणार, ते काढा. स्वस्त कार्डांना स्वतःचा अनुक्रमांक सहसा नसतो, म्हणून ती ओळखायची यूएसबीच्या खाचेवरून.

एकेक कार्ड लावा आणि ‘डीमेसेज’ (पायच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) पाहा. १-१.२ असा त्या खाचेचा पत्ता दिसेल. मग यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमांच्या फोल्डरमध्ये एक फाइल करून दर कार्डाला एक ओळ लिहा : सबसिस्टिम साउंड, कर्नल कार्ड*, कर्नल्स १-१.२, आणि शेवटी आयडी हे अ‍ॅट्रिब्यूट ‘मंदिर’. नावं इंग्रजी अक्षरांत, लहान, मधे जागा न सोडता. रीबूट करून ‘एप्ले’ या आवाज वाजवणाऱ्या आज्ञेच्या यादीत ती आली का बघा. वाजवताना ‘प्लगएचडब्ल्यू’ वापरून पुढे कार्डाचं नाव द्या. नुसत्या ‘एचडब्ल्यू’ला कार्डाला न झेपणारा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) मिळाला तर गाणं सुरू होत नाही किंवा चुकीच्या वेगाने वाजतं. अल्सामिक्सर या आवाज कमी-जास्त करायच्या प्रोग्रॅममधला आवाज नावं दिल्यानंतरच लावून साठवा, कारण तो नावाखाली साठतो. आता प्रत्येक खाचेशेजारी रंगाने नाव लिहा. कुणी कार्डांच्या खाचा बदलल्या तर हा नियमही फसेल.

वेळेचं कारण वेगळं. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. तीन तास लाइन नसली आणि नंतर इंटरनेटही नसलं, तर घड्याळ साधारण तेवढंच मागे राहतं. डीएस३२३१ या बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल पायच्या १, ३, ५ आणि ९ या पिनांवर बसवा आणि कॉन्फिग फाइलमध्ये त्याची ‘आय-टू-सी आरटीसी’ ओळ घाला. याला टाळाटाळ नको : रात्री १० ते सकाळी ६ भोंगा वाजवायला बंदी आहे, आणि चुकलेलं घड्याळ नेमकं तेव्हाच वाजवेल.

अ‍ॅम्प्लिफायर मोनो असेल तर डावी-उजवी तार थेट जोडू नका. दोन्हींत एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. घुंईऽ असा आवाज येत असेल तर मधे १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. मंदिरापर्यंत कार्डाची बारीक तार ओढू नका. अ‍ॅम्प्लिफायर पायजवळ ठेवून पुढे १०० व्होल्टची लाइन (लांबच्या स्पीकरसाठीची आवाजाची तार) न्या.

सगळं जमलं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम (मेमरी कार्डावर काहीही न लिहिण्याची सोय) चालू करा, म्हणजे अचानक लाइन गेली तरी मेमरी कार्ड बिघडण्याची भीती फार कमी होते. त्यानंतर काही बदलायचं तर आधी ती बंद करावी लागेल. खोली टिनाची असेल तर मे महिन्यात पंखा लावाच. चिप ८० अंशांपर्यंत तापली की पाय स्वतःचा वेग कमी करतो.