वाचकांचे प्रश्न : कौलारू छपराची दुरुस्ती आणि कौलांचा रंग

प्रश्न : आमचे दापोली तालुक्यातील घर सुमारे साठ वर्षांचे असून त्यावर मंगलोरी कौले आहेत. माजघरात गळती वाढली आहे, रिपांना (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांना) वाळवी लागली आहे आणि माकडांनी पुष्कळ कौले फोडली आहेत. यंदा सगळीच कौले बदलण्याचे ठरले आहे. परंतु ठाण्याला राहणाऱ्या माझ्या दिरांना गडद करडा रंग हवा आहे, तर सासूबाई लाल कौलांखेरीज दुसरे काही ऐकायला तयार नाहीत. दोन्ही पाख्यांचे (छपराच्या उतरत्या बाजूंचे) मिळून क्षेत्रफळ १,४०० चौरस फूट आहे. कोणता रंग निवडावा? – एक वाचक, दापोली

उत्तर : आपल्या घरातील वाद रंगावरून असला, तरी छपराचे आयुष्य रंगाखालच्या लाकडावर अवलंबून असते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे मंगलोरी कौले लागतात, म्हणजे आपल्याला सुमारे २,१०० कौले लागतील. एक कौल अडीच किलोचे धरले तरी हा भार पाच टनांहून अधिक होतो, आणि भर पावसात कौले पाणी प्यायली की त्यात आणखी पाऊण टनाची भर पडू शकते. वाळवी रिपांपर्यंत पोहोचली आहे असे आपण लिहिता. ती वाशांत (रिपांखालच्या उतरत्या लाकडांत) शिरलेली नाही, याची खात्री कौले उतरवल्यावर प्रत्येक वाशाला टोकदार सळई टोचून करून घ्यावी. विशेषतः भिंतीत बसलेली टोके आणि वळचणीकडचा (छपराच्या खालच्या कडेचा) भाग तपासावा, कारण मधला वासा खणखणीत असूनही ही टोके भुसभुशीत झालेली असतात. जुने ऐनाचे, किंजळीचे किंवा सागाचे वासे शाबूत असतील तर केवळ जुने दिसतात म्हणून काढू नयेत. त्यांच्या जागी लोखंडी पाइप घालण्याची हल्ली पद्धत पडली आहे; पण खाऱ्या हवेत ते आतून गंजतात आणि तो गंज खालून दिसत नाही.

रिपांचे अंतर जुन्या मापाने ठेवू नये. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात थोडा फरक असतो, त्यामुळे नवी कौले जुन्या रिपांवर नीट बसतीलच असे नाही. दहा नवी कौले जमिनीवर एकात एक अडकवून एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून मोजावीत, आणि दोन्ही मापांची सरासरी काढून एका कौलामागे येणारे अंतर सुताराला द्यावे. पाख्याचा उतार फुटाला सात इंचांच्या आसपास, म्हणजे तीस अंश असेल तर आपल्याकडच्या पावसाला पुरतो. त्याहून कमी असल्यास वाऱ्याने पाणी खाचांतून उलटे चढते आणि मग कोणत्याही रंगाचे कौल गळते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या भागातील छपरांचे काय केले, हे आपण पाहिलेच असेल. कौलाच्या पाठीवर जी खुंटी असते, तिला तारेसाठी छिद्र ठेवलेले असते. निदान वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची (छपराच्या माथ्याजवळची) ओळ न गंजणाऱ्या तारेने रिपांना बांधून घ्यावी. गवंडी हे काम टाळतात, म्हणून ते मजुरी ठरवतानाच बोलून घ्यावे.

आता रंगाविषयी. मंगलोरी कौलाचा लाल रंग वरून दिलेला नसतो. मातीतील लोह भट्टीत भरपूर हवा मिळून भाजले गेले की तांबडे होते, आणि तो रंग कौलाच्या आरपार असतो. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६०च्या दशकात मंगळूरला पहिला कारखाना काढला, तेव्हापासून हीच रीत आहे. करड्या कौलाचे मात्र बाजारात निरनिराळे प्रकार आहेत आणि दुकानदार ते सगळे एकाच नावाने दाखवतो. पहिला प्रकार म्हणजे लाल कौलावर रंगाचा थर दिलेले कौल. कोकणच्या पावसात काही वर्षांत हा थर कडांपासून सुटू लागतो आणि खालची लाली ठिपक्यांनी वर येते. मग दर काही वर्षांनी छपरावर माणूस चढवून रंग देणे भाग पडते आणि त्याच्या पायाखाली कौले फुटतात ती वेगळीच. दुसरा प्रकार चिनी मातीच्या भांड्यासारखी झिलई भाजून दिलेल्या कौलाचा. ते महाग असते, पण पाणी कमी पिते आणि रंग टिकवते. तिसरे कौल सिमेंटचे. ते मातीचे नव्हेच. त्याचा रंग उन्हाने हळूहळू फिका पडतो.

याशिवाय गडद रंग ऊन अधिक शोषतो. आपल्या माळ्याला पटई (फळ्यांचे छत) नसेल, तर चैत्र-वैशाखात गडद करड्या छपराखालची दुपार लाल कौलांखालच्या दुपारीपेक्षा जड जाईल. दिरांचा आग्रह कायमच राहिला तर झिलईचे कौल घ्यावे आणि त्याखाली सपाट सीलिंग कौलांचा थर द्यावा. मात्र त्याचे वजन धरूनच वासे तपासावेत.

माझे मत विचाराल तर सासूबाईंच्या बाजूने आहे, आणि ते केवळ परंपरेपोटी नाही. फणस-आंब्याच्या सावलीतील पाखे दोन-तीन पावसाळ्यांत शेवाळाने काळवंडतेच. लाल कौलावर ते शोभते, रंगवलेल्या कौलावर मात्र घर दुर्लक्षित दिसते. शिवाय माकडांनी फोडलेल्या कौलाच्या जोडीचे लाल कौल दहा वर्षांनंतरही तालुक्यात मिळेल. करड्याची तीच छटा मिळेल याची हमी कोणी देणार नाही. रंग कोणताही घ्या, शंभर-दीडशे कौले जास्तीची आणून मांगरात रचून ठेवा.

खरेदी करताना लाल रंगाच्या छटेवर फार भिस्त ठेवू नये. फिकट नारिंगी कौल अनेकदा कच्चे भाजलेले असते, पण मातीच मुळात फिकट असू शकते. बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणीत आवाज यावा. आणखी खात्री हवी असेल तर चार-पाच कौले कोरडी तोलून एक दिवस पाण्यात बुडवावीत आणि पुन्हा तोलावीत. वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढले तर तो माल परत पाठवावा. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढावे. मे महिन्यावर ढकलल्यास गवंडी मिळत नाहीत आणि वळवाची सर उघड्या माजघरात पडते.

प्रश्न : आमची निम्मी कौले चांगली आहेत. त्यांत नवी मिसळली तर छप्पर ठिगळ लावल्यासारखे दिसेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मिसळली तर दिसेल, आणि गळेलही. कौलांच्या पाठीवरील छाप पाहून ती कारखान्यानुसार निवडून घ्यावीत आणि एका पाख्यावर एकाच छापाची घालावीत. जुनी सगळी खळ्याकडच्या दर्शनी पाख्यावर घ्या, नवी मागील बाजूला. जुन्यांना नव्यासारखे करण्यासाठी आम्लाने धुऊ नये. भाजलेला पृष्ठभाग खरवडला जातो. काथ्याच्या ब्रशाने शेवाळ काढले की पुरे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या उतरत्या स्लॅबवर सिमेंटमध्ये बसवलेली कौले आहेत. स्लॅब गळतो. कौले बदलून गडद तपकिरी घ्यावीत असा सल्ला मिळाला आहे. – एक वाचक, सातारा

उत्तर : हा सल्ला देणाऱ्याने गळतीचा विचार केलेला दिसत नाही. स्लॅबवरची कौले शोभेची असतात. पाणी अडवण्याचे काम स्लॅबलाच करावे लागते. सिमेंटमध्ये बसवलेल्या कौलांच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी खाली अडकून राहते आणि उतार असूनही निघून जात नाही. म्हणून कौले काढून स्लॅबच्या भेगा भराव्यात, त्यावर जलरोधक थर द्यावा आणि पाणी सोडून तो तपासावा. त्यानंतर कौले पुन्हा सिमेंटमध्ये न रोवता, उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या आणि त्यांवर आडव्या रिपा टाकून बसवावीत, म्हणजे खालून हवा खेळेल आणि आत शिरलेले पाणी वळचणीकडे वाहून जाईल. पट्ट्यांचे खिळे नव्या थराला भोके पाडतात. त्या जागा लगेच सील करून घ्याव्यात, नाहीतर सगळा खर्च पाण्यात जाईल. रंग तपकिरीच हवा असल्यास फिकट छटा घ्यावी, कारण स्लॅब तापला की रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो.